गोबर गॅसच्या टाकीत नॅनो कार्बन घालण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आपल्या गोठ्याला जोडून घुमटाची गोबर गॅसची टाकी आहे, तीत सुमारे १२ घनमीटर स्लरी मावते, आणि रोज १५० किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून आपण आत सोडता. गेल्या हंगामापासून जवळच्या दोन हॉटेलांचे उरलेले अन्न आणि काजूच्या दिवसांत रस काढून उरलेला बोंडांचा चोथाही त्यात जाऊ लागला. गॅस वाढेल अशी अपेक्षा होती, पण तो कमी झाला, ज्योत मध्येच विझू लागली, बाहेर येणाऱ्या स्लरीला आंबूस वास येऊ लागला. आता एक विक्रेता ‘नॅनो कार्बन’चे, म्हणजे अतिसूक्ष्म कार्बन कणांचे, द्रावण घेऊन आला असून ते घातल्यास गॅस ४० टक्के वाढेल असे सांगतो आहे. ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो: आज घेऊ नये. कार्बनच्या या पदार्थांत काही तथ्य नाही असे मात्र मी म्हणत नाही, तथ्य निश्चित आहे. परंतु ते ज्या एका अडचणीवर काम करतात ती अडचण आपल्या टाकीत आहे का, असल्यास ती कशामुळे आली, आणि तिच्यावर याहून स्वस्त व टिकाऊ उपाय आहे का, हे आधी पाहावे लागते. हॉटेलांच्या आणि गोठ्यांच्या टाक्या उभारण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी गोव्यात बरीच वर्षे करतो आहे, आणि गॅस कमी झाला म्हणून बोलावणे आले की माझा पहिला प्रश्न ‘काय घालायचे’ हा नसतो, ‘काम कुठे अडले आहे’ हा असतो.

टाकीच्या आत चार टप्प्यांनी काम चालते. पहिल्या टप्प्यात जीवाणूंची विकरे तंतू, पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ तोडून पाण्यात विरघळणारे लहान रेणू करतात. दुसऱ्यात त्यांची प्रोपिऑनिक, ब्युटिरिक यांसारखी आम्ले होतात. तिसऱ्यात या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि चौथ्यात मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव त्यांचे मिथेन करतात. तिसरा आणि चौथा टप्पा एकमेकांवर पूर्णपणे अवलंबून असतात. प्रोपिऑनिक आम्ल तोडणाऱ्या जीवाणूंना त्यातून फार थोडी ऊर्जा मिळते, आणि तीही आजूबाजूचा हायड्रोजन कोणीतरी सतत संपवत असेल तरच. हायड्रोजन थोडा जरी साचला तरी त्यांचे काम थांबते, आम्ल साचू लागते, पीएच उतरतो, मिथेनवाले सूक्ष्मजीव आणखी मंदावतात आणि हायड्रोजन आणखी साचतो. हॉटेलचे अन्न घातलेल्या टाक्या बिघडतात त्या बहुतेक वेळा याच ठिकाणी.

विजेचे वहन करणारा कार्बन उपयोगी पडतो तोही इथेच. एरवी आम्ल तोडणारा जीवाणू आपले जास्तीचे इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या रूपाने सोडतो आणि मिथेनवाला तो हायड्रोजन उचलतो. काही जीवाणू मात्र इलेक्ट्रॉन थेट शेजाऱ्याला देऊ शकतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डेरेक लव्हली यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन (मुद्दाम सच्छिद्र केलेला कोळसा) घातल्यास ही थेट देवाणघेवाण पुष्कळ सोपी होते, कारण दोघेही त्याच दाण्याला चिकटून बसतात आणि इलेक्ट्रॉन दाण्यातून पलीकडे जातात. ओहोळावर साकव घातला की पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागत नाही, तसा हा प्रकार आहे. पुढे कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या), ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा), मॅग्नेटाइट (लोहाचे चुंबकीय खनिज), बायोचार (जैविक पदार्थांचा कोळसा) अशा अनेक पदार्थांवर प्रयोग झाले आणि पुष्कळांत मिथेन लवकर तयार होऊ लागल्याचे दिसले. त्यातले किती श्रेय खरोखर थेट इलेक्ट्रॉन-वहनाचे आणि किती कार्बनच्या इतर गुणांचे, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्या मूळ प्रयोगातले कार्बनचे दाणे नॅनो नव्हते. जीवाणू साधारण एक मायक्रॉनचा असतो आणि कार्बनचा दाणा त्याच्या कित्येक पट मोठा होता, म्हणूनच त्यावर दोन्ही जातींना वसाहत करता आली. नॅनोट्यूब जीवाणूहून कितीतरी बारीक असते; ती गाळाच्या गुठळ्यांत मिसळून जाळे करते आणि त्यानेही काम होते, पण परिणामासाठी पदार्थ नॅनो असलाच पाहिजे असे काही नाही. ग्राफीन ऑक्साइडची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. ते वीज नीट वाहून नेत नाही, सूक्ष्मजीव आधी त्याचे क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि त्यासाठी खर्च होणारे इलेक्ट्रॉन मिथेनच्या वाट्याचेच असल्याने सुरुवातीला गॅस उलट घटू शकतो. म्हणून विक्रेता नुसते ‘नॅनो कार्बन’ म्हणत असेल तर बाटलीत नेमके काय आहे, हे लेखी मागावे.

आता आपल्या टाकीकडे येऊ. केवळ शेणावर चालणाऱ्या टाकीत सहसा पहिला टप्पा सर्वांत मंद असतो. पचायला सोपे ते गाईने आपल्या पोटात आधीच पचवलेले असते, उरतो तो लिग्निनने, म्हणजे वनस्पतींना कडकपणा देणाऱ्या चिवट द्रव्याने, वेढलेला तंतू. तो तुटेपर्यंत पुढच्या टप्प्यांना कामच मिळत नाही, आणि विकरांनी तंतू तोडण्याच्या क्रियेत इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचा संबंध अजून आलेलाच नसतो. अशा टाकीत कितीही भारी कार्बन घातला तरी फरक नगण्य पडेल असे मी समजतो. हॉटेलचा भात, पाव आणि बोंडांचा चोथा यांचे उलट आहे. त्यांतली साखर आणि पिष्ट काही तासांत आम्ल होते, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यांची दमछाक होते. बोंडांत टॅनिन हे तुरट द्रव्यही असते, आणि ते सूक्ष्मजीवांना मानवत नाही. आपण सांगितलेली लक्षणे याच बाजूला बोट दाखवतात, परंतु वासावरून निर्णय घेऊ नये, मोजून पाहावे.

पीएच मोजणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. निरोगी टाकीचा पीएच ६.८ ते ७.५ च्या दरम्यान असतो. मात्र शेणात बायकार्बोनेट भरपूर असल्याने आम्ल साचू लागले तरी बराच काळ पीएच जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मी आम्ल आणि अल्कलिनिटी (स्लरीची आम्ल पचवण्याची क्षमता) यांचे गुणोत्तर काढतो. बाहेर येणाऱ्या नळाकडची ताजी स्लरी फडक्यातून गाळून २० मिलिलीटर घ्यायची, त्यात पीएच मीटरचे टोक बुडवायचे आणि ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मोजनळीतून) थेंबाथेंबाने सोडायचे. सोडताना ढवळत राहावे, कारण बुडबुडे येतात आणि घाई केली तर फेस ओतू जाऊन वाचन चुकते. पीएच ५ ला पोहोचेपर्यंत किती आम्ल लागले ते लिहावे, नंतर ५ पासून ४.४ पर्यंत आणखी किती लागले ते लिहावे. पहिल्या आकड्याला २५० ने गुणले की अल्कलिनिटी मिळते. दुसऱ्याला १.६६ ने गुणून त्यातून ०.१५ वजा करून ५०० ने गुणले की आम्लाचा अंदाज मिळतो. समजा पहिल्या वेळी २० मिलिलीटर आणि दुसऱ्या वेळी २.५ मिलिलीटर लागले, तर अल्कलिनिटी ५००० आणि आम्ल २००० येते, म्हणजे गुणोत्तर ०.४. साधारणपणे ०.३ पर्यंत टाकी स्वस्थ समजावी, ०.४ ला सावध व्हावे, आणि त्यापुढे गेल्यास नवे अन्न घालणे थांबवावे. मात्र प्रत्येक टाकीची आपली एक पातळी असते, त्यामुळे एका वाचनापेक्षा दर आठवड्याला आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे ते अधिक सांगून जाते. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात ही चाचणी सहज होऊ शकते.

गुणोत्तर चांगले आले आणि तरी गॅस कमी असेल तर दोष इतरत्र आहे. घुमटाला किंवा व्हॉल्व्हला गळती आहे का ते साबणाचे पाणी लावून पाहावे. चोथ्यासारखे तंतुमय पदार्थ वर तरंगून साय धरतात आणि गॅस वर येऊ देत नाहीत. शेणाबरोबर आलेली माती आणि रेती तळाशी बसून टाकीची जागा खाते. पावसाळ्यात गोठ्याच्या पागोळ्यांचे पाणी मिश्रणकुंडीत शिरत असेल तर स्लरी पुरते दिवस आत न राहता बाहेर ढकलली जाते. आपल्या भागातला पाऊस पाहता ही शक्यता फार मोठी आहे. डिसेंबर-जानेवारीत सत्तरीतल्या रात्री थंड असतात, तेव्हा थोडी घट स्वाभाविक आहे. यांपैकी एकाही दोषावर कार्बन हा उपाय नाही.

गुणोत्तर वाईट आले, आणि मला तेच अपेक्षित आहे, तर हॉटेलचे अन्न आणि चोथा आठ-दहा दिवस पूर्ण बंद करावा आणि शेणही निम्म्यावर आणावे. ओळखीच्या कोणाकडे चांगली चालणारी शेणाची टाकी असेल तर तिची दोनतीनशे लीटर ताजी स्लरी आणून सोडावी. पीएच ६.५ च्या खाली गेला असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा द्यावा. चुना टाळलेला बरा, कारण तो कार्बन डायऑक्साइड शोषून तळाशी दगडासारखा बसतो. गुणोत्तर खाली आल्यावर अन्न पुन्हा सुरू करावे, पण पहिल्या आठवड्यात रोज ५ किलो, दुसऱ्यात १०, अशा चढत्या क्रमाने आणि प्रत्येक वाढीपूर्वी चाचणी करून. अन्न बारीक करून शेणात कालवूनच सोडावे. तेल-तूप शक्य तितके निथळून काढावे, कारण स्निग्ध आम्ले मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांना जड जातात. मासळीची डोकी व खवले थोडीच घालावीत, कारण त्यांतून अमोनिया वाढतो. फिनाइल किंवा ब्लीचिंग पावडर मिसळलेले धुण्याचे पाणी तर थेंबभरही नको. शेण मात्र कधी पूर्ण बंद करू नये. मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांना निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम अशी सूक्ष्मद्रव्ये लागतात. ती शेणातून मिळतात आणि भात-पावातून पुरेशी मिळत नाहीत.

एवढे करून बहुतेक टाक्या सावरतात. तरीही नॅनो कार्बनचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढे कोणी दुसरा विक्रेता आला तरी आपल्याला तो स्वतः करता येईल. प्रयोगशाळेत असे पदार्थ साधारणतः लीटरमागे १ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी वापरले जातात. १ ग्रॅम धरला तर आपल्या १२,००० लीटर स्लरीला एकदम १२ किलो लागतील. पण खरा खर्च पुढेच आहे. प्रयोगशाळेतली बाटली एकदा भरून बंद केलेली असते. आपल्या टाकीत मात्र रोज ३०० लीटर आत जाते आणि ३०० लीटर बाहेर पडते. स्लरी ४० दिवस आत राहते असे धरले आणि ती नीट मिसळत असेल, तर ४० दिवसांनी घातलेल्या बारीक पदार्थाचा एक-तृतीयांशाहून थोडाच अधिक भाग उरतो आणि चार महिन्यांत तो ५ टक्क्यांवर येतो. म्हणजे प्रमाण टिकवायचे तर रोज ३०० ग्रॅम घालत राहावे लागेल. बदल्यात काय मिळेल? १५० किलो शेणातून दिवसाला सुमारे ६ घनमीटर गॅस मिळतो. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ०.४५ किलो एलपीजी. वाढ २० टक्के झाली असे उदारपणे मानले तरी रोजची बचत अर्धा किलो एलपीजीच्या घरात जाते. एलपीजी किलोला ६० रुपये धरल्यास ३० रुपये झाले. तेव्हा ३०० ग्रॅम पदार्थ ३० रुपयांत, म्हणजे किलो १०० रुपयांत मिळाला तरच हात जेमतेम बरोबरीत राहतो. आपल्याकडच्या भावाने हाच हिशेब करावा आणि विक्रेत्याच्या बाटलीवरील किंमत त्याच्याशी ताडून पाहावी. चांगल्या प्रतीची नॅनोट्यूब या भावाच्या जवळपासही मिळत नाही.

४० टक्क्यांच्या आकड्याविषयीही नीट विचारावे: ही वाढ कितव्या दिवसाची? कार्बनचा परिणाम मुख्यतः वेगावर होतो. दोन बाटल्यांपैकी एकीत गॅस दोन-तीन दिवस लवकर सुरू झाला तर दहाव्या दिवशी तिच्यातला गॅस दीडपट दिसेल, आणि चाळिसाव्या दिवशी दोन्ही जवळजवळ सारख्या झालेल्या असतील. खाद्यात मुळात जेवढा ऑक्सिडीकरणयोग्य माल आहे त्याहून अधिक मिथेन कोणालाच काढता येत नाही. एक किलो सीओडीमागे (सीओडी म्हणजे हा माल पूर्ण ऑक्सिडीकृत व्हायला लागणारा ऑक्सिजन) ०.३५ घनमीटर मिथेन ही निसर्गाची मर्यादा आहे. आपली टाकी खाद्याला महिनाभराहून अधिक वेळ देते, त्यामुळे केवळ वेग वाढण्याचा लाभ आपल्याला थोडाच. ज्या संयंत्रांत सांडपाणी काही तासांत किंवा दिवसांत पुढे सरकते, अथवा गोव्यातल्या साळगाव आणि काकोडा येथील कचरा प्रकल्पांसारख्या ठिकाणी, जिथे मिश्र ओल्या कचऱ्याचा भार रोज बदलतो आणि मोजमापाला प्रयोगशाळा व माणसे असतात, तिथे या विषयाला जास्त अर्थ आहे, आणि तिथेही दाणेदार कार्बन टाकीतच धरून ठेवण्याची व्यवस्था असेल तर तो अधिक परवडेल.

आपल्याला कार्बन वापरून पाहायचाच असेल तर करवंट्यांचा कोळसा घ्यावा. करवंट्या आपल्या घरीच जमतात. बंद पिंपात, हवा कमीत कमी ठेवून, धूर पूर्ण थांबेपर्यंत त्या जाळाव्यात. कोळसा जितक्या जास्त उष्णतेत तयार होतो तितका तो वीज चांगली वाहतो, आणि हा गुण साधारण ६००-७०० अंशांच्या पुढे झपाट्याने वाढतो. घरगुती पिंपात ती उष्णता सर्वत्र मिळत नाही, म्हणून नॅनोट्यूबइतक्या वहनाची अपेक्षा ठेवू नये. तरीही सूक्ष्मजीवांना बसायला त्याचा सच्छिद्र पृष्ठभाग मिळतो, आणि त्यातली राख आम्लाला थोडा आळा घालते. लीटरमागे ५ ग्रॅम धरल्यास रोज दीड किलो कोळशाची पूड लागेल, हे काही कमी नाही, विकत घेऊन तर परवडणार नाहीच. परंतु फरक असा की हा कोळसा स्लरीबरोबर बाहेर पडला तरी वाया जात नाही. आपल्या जांभ्या मातीत, पोफळी-मिरीच्या मुळाशी तो गेला तर ओलावा आणि खत धरून ठेवायला मदतच होते.

नॅनो पदार्थांबाबत मला तसे म्हणता येत नाही, आणि हा मुद्दा मला पैशाहून अधिक महत्त्वाचा वाटतो. आपली स्लरी कुळागरात (पोफळीच्या बागेत) जाते, कुळागरातले पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि व्हाळ म्हादई नदीला मिळतो. एकदा सोडलेली नॅनोट्यूब मातीतून परत गोळा करण्याचा कोणताही उपाय शेतकऱ्याच्या हाती नाही. कोरड्या पुडीचा धोका तर घालणाऱ्या माणसालाच आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभिंती नॅनोट्यूबच्या एका ताठ, लांब प्रकाराला माणसात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात टाकले. सर्वच नॅनोट्यूब तशा नसतात, पण बाटलीवर प्रकार लिहिलेला नसेल तर आपल्या गड्याने उघड्या हातांनी आणि नाकाला काही न बांधता ती पूड कालवावी हे मला मान्य नाही. द्रावण असले तरी बाटलीच्या तोंडाशी आणि सांडलेल्या जागी ते वाळून पूड होतेच.

शेवटी, विक्रेता आग्रही असेल तर त्याच्याकडून नमुना घेऊन घरीच पारख करावी. एकसारख्या पाच बाटल्यांत आपल्याच टाकीची गाळलेली स्लरी समान भरावी. एकीत दुसरे काहीच घालू नये. तिचा गॅस इतरांतून वजा करायचा असतो. उरलेल्या चारांत हॉटेलचे अन्न सारखे मोजून घालावे. त्यांपैकी एक तशीच ठेवावी, एकीत विक्रेत्याचा पदार्थ त्याने सांगितलेल्या प्रमाणात, एकीत कोळशाची पूड, आणि एकीत फक्त चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. ही सोड्याची बाटली वगळू नये, कारण पुष्कळदा कार्बनचा म्हणून सांगितलेला लाभ नुसते आम्ल उतरल्याचा असतो आणि तो सोड्यानेही मिळतो. बाटल्या एकाच उबदार जागी ठेवून, गॅस नळीने उलट्या धरलेल्या मोजपात्रात घेऊन, त्याने हटवलेले पाणी रोज एकाच वेळी लिहावे, आणि पात्रातले पाणी मीठ घातलेले असावे म्हणजे कार्बन डायऑक्साइड त्यात कमी विरघळतो. हे किमान ३० दिवस चालवावे आणि शक्य असल्यास प्रत्येक प्रकाराच्या दोन बाटल्या कराव्यात. तिसाव्या दिवशीही विक्रेत्याची बाटली सोड्याच्या आणि कोळशाच्या बाटलीहून स्पष्ट पुढे असेल, आणि वर मांडलेल्या हिशेबात तिची किंमत बसत असेल, तर मला ते आकडे पाठवावेत. मग आपल्या टाकीसाठी प्रमाण किती ठेवायचे आणि तो पदार्थ आत कसा धरून ठेवता येईल, याचा विचार आपण मिळून करू.